घंटेच्या नादात उरणारा गंधार

श्रोतेहो, नमस्कार.

एस्टोनिया या बाल्टिक देशात राकवेरे नावाचे एक छोटे शहर आहे. तिथल्या मध्यवर्ती चौकात सायकल घेतलेल्या एका मुलाचा पुतळा आहे आणि तो मुलगा काहीतरी मन लावून ऐकतो आहे. पूर्वी या चौकात खांबावर कर्णा बसवलेला असे आणि त्यातून रेडिओवरचे वाद्यवृंदाचे कार्यक्रम ऐकू येत. ते सलग ऐकता यावेत म्हणून हा मुलगा सायकलवरून चौकाला फेऱ्या घालत राही. पुढे जगभर नावाजलेले संगीतरचनाकार आर्वो पॅर्त ते हेच. रेडिओवरून त्यांच्याविषयी बोलताना मला म्हणूनच विशेष आनंद होतो आहे.

पॅर्त यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी पाइडे या गावी झाला. घरच्या पियानोच्या मधल्या सप्तकाच्या पट्ट्या नादुरुस्त होत्या, त्यामुळे लहानपणी त्यांची बोटे अगदी वरच्या आणि अगदी खालच्या स्वरांवरच फिरत राहिली. टॅलिनच्या संगीत विद्यालयात त्यांनी हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण घेतले आणि त्याच काळात एस्टोनियन रेडिओच्या ध्वनिमुद्रण कक्षात नोकरीही केली. ही नोकरी १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, चालली.

एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत राजवटीखाली होता. पॅर्त यांनी १९६० मध्ये ‘नेक्रोलॉग’ या रचनेत बारा स्वरांना समान स्थान देणारी पाश्चात्त्य आधुनिक पद्धत वापरली आणि त्याबद्दल त्यांच्यावर अधिकृत टीका झाली. १९६८ मध्ये आलेल्या ‘क्रेडो’ने तर वादळच उठवले. त्या रचनेत जर्मन संगीतकार बाखच्या एका सुप्रसिद्ध प्रेल्यूडचे, म्हणजे छोट्या वाद्यरचनेचे, स्वर आणि कर्कश गोंगाट यांचा सामना होता. पण राज्यकर्त्यांना झोंबले ते तिचे शब्द, कारण ‘येशू ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे’ असे गायक त्यात उघडपणे गात होते. ती रचना पुन्हा सादर होणे बंद झाले.

यानंतर जे घडले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत धैर्याचे पर्व वाटते. ज्या पद्धतीत हात बसला होता, नाव झाले होते, ती पद्धत त्यांनी सोडून दिली. मधली तिसरी सिंफनी आणि आणखी थोडे काही वगळले तर सुमारे आठ वर्षे त्यांच्याकडून मोठे असे काही बाहेर आले नाही. या काळात ते मध्ययुगीन चर्चमधले एकेरी चालीचे गायन अभ्यासत होते आणि वह्यांमागून वह्या एकट्या सुरावटींनी भरत होते. एक सुरावट, तिला कोणाचीही साथ नाही, आणि तरीही ती उभी राहिली पाहिजे, हा तो ध्यास होता.

त्यातून १९७६ मध्ये ‘फ्यूर अलीना’ ही पियानोची छोटीशी रचना जन्मली. तिच्यात दोनच आवाज आहेत. उजव्या हाताचा आवाज स्वरसप्तकात पायरी पायरीने फिरतो. डाव्या हाताचा आवाज मूळ स्वरसंवादाचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे, तीन स्वर सोडून कुठेही जात नाही आणि पहिल्याच्या प्रत्येक स्वराला या तिनांपैकी जवळचा स्वर देतो. तानपुऱ्याच्या साथीने गाणाऱ्या गायकाची आठवण आपल्याला सहज होईल. फरक इतकाच, की इथे साथीचे स्वर स्थिर राहत नाहीत, ते सुरावटीबरोबर पावलाला पाऊल लावून चालतात. पॅर्त यांच्या पत्नी नोरा यांनी या नात्याचे सूत्र ‘एक अधिक एक बरोबर एक’ असे मांडले. घंटानादावरून या शैलीला ‘टिंटिनाबुली’ हे नाव मिळाले. नियम इतका कडक, पण एकाच ठिकाणी डावा हात तो मोडतो, आणि स्वरलिपीत नेमक्या त्या जागी पॅर्त यांनी एक फूल काढले आहे.

जानेवारी १९८० मध्ये त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन असे दीर्घ वास्तव्य झाले, १९८४ मध्ये ईसीएम कंपनीने त्यांच्या ‘टाबुला रासा’ या रचनेची ध्वनिमुद्रिका काढली आणि त्यांचे संगीत जगभर पोचले. पुढे ते मायदेशी परतले. लाउलास्मा येथील पाइनच्या जंगलात त्यांच्या हस्तलिखितांचे केंद्र असून त्याची नवी इमारत २०१८ मध्ये खुली झाली.

हे संगीत अनेकदा मन शांत करण्यासाठी, दुसरे काही करता करता लावले जाते. मला याचे वाईट वाटते. या शांततेमागे किती काटेकोर हिशेब आहे ते पाहायचे असेल, तर बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, पॅर्त यांनी लिहिलेला ‘कांटुस’ ऐका. तंतुवाद्ये आणि एक घंटा, एवढाच सरंजाम. वाद्यांचे पाच गट एकच मायनर, म्हणजे कोमल गंधाराचे, सप्तक वरून खाली उतरत जातात, पण प्रत्येक गटाची लय आधीच्या गटाच्या निम्मी असते. पहिल्या व्हायोलिनपेक्षा डबल बास सोळा पटींनी संथ चालतो. प्रत्येक वाद्य पुन्हा वर जाते आणि दर वेळी एक पायरी अधिक खाली येते. एकेक गट आपल्या तळाच्या स्वरावर पोचून तिथेच थांबतो, नाद दाटत जातो, आणि अखेर सगळी वाद्ये एकाच स्वरसंवादावर पूर्ण जोराने स्थिरावतात.

त्या गजरातच घंटेवर एक अगदी हलका टोला पडतो, इतका हलका की तो ऐकूच येत नाही. मग तंतुवाद्ये एकदम थांबतात आणि घंटेचा मागे राहिलेला नाद उघडा पडतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. आतापर्यंत सारी रचना कोमल गंधारात चाललेली असते. आता नीट कान दिला, तर विरत जाणाऱ्या त्या नादात, कोणीही न वाजवलेला शुद्ध गंधार ऐकू येतो.