अर्ज लिहायच्या आधी

(परळमध्ये वस्तीपातळीवर काम करणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज इथे अभ्यासिका चालवणारे आहेत, महिला मंडळाच्या ताई आहेत, गणपतीनंतरही वर्षभर काही ना काही करत राहणारी मंडळाची पोरं आहेत. आत येताना बहुतेकांनी एकच विचारलं, "सर, निधी मागायच्या अर्जाचा नमुना आहे का?" आहे, बाहेर टेबलावर ठेवलाय. पण मी बरीच वर्षं अर्ज लिहिले, नंतर देणाऱ्यांच्या बाजूला बसून वाचलेही. माझं मत असं झालंय की अर्जाचा निकाल बहुधा तो लिहायच्या आधीच लागलेला असतो. एक तर कागदांत, नाहीतर कुणाकडे मागायचं या निवडीत.

आधी कागद. गणेशोत्सवाची वर्गणी काढायला धर्मादाय कार्यालयाकडून कलम 41क खाली जी परवानगी मिळते, ती तेवढ्यापुरतीच. ती दाखवून आमचं मंडळ नोंदणीकृत आहे असं म्हणता येत नाही. नोंदणी म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालची. ज्यांची ती आहे, त्यांनी वरळीच्या धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला आपल्या संस्थेचा, उतारा काढावा आणि विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते वाचावं. जुन्या मंडळांच्या उताऱ्यावर कित्येकदा वारलेली माणसं अजून खजिनदार असतात! अध्यक्ष गावाला गेले, निवडणूक झाली, पेढे वाटले, चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, मात्र कुणी दिलाच नाही. तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. राहिला असेल तर विलंबमाफीचा अर्ज करा, तारखा पडतील त्या सोसा, पण आजच सुरू करा. देणाऱ्याचा माणूस पहिल्यांदा हा उतारा बघतो आणि अर्जावर सही करणाऱ्याचं नाव त्यात शोधतो. नाव नसेल तर तुमचं काम कितीही चांगलं असो, फाइल तिथेच थांबते.

बाकीचं पटकन सांगतो. संस्थेच्या नावाचं पॅन, दरवर्षीचं ऑडिट, आयकराची 12ए आणि 80जी म्हणून सगळे ओळखतात ती नोंदणी (पहिलीने संस्थेला करसवलत, दुसरीने देणगीदाराला), स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. एखादा बरा सीए गाठा आणि त्याची फी थकवू नका.

आता कुणाकडे मागायचं. आमदार निधी सगळ्यांना माहीत असतो, आणि गैरसमजही सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच. तो पैसा संस्थेच्या खात्यात येत नाही. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते आणि काम सरकारी यंत्रणा करते. मुंबईत वस्त्यांमधली अशी पुष्कळ कामं म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ करतं. म्हणजे समाजमंदिर उभं राहील, पण त्यात शिकवणाऱ्या बाईंचा पगार त्यातून निघणार नाही. शिवाय पहिला प्रश्न येतो जमीन कुणाची? म्हाडाची, पालिकेची, जिल्हाधिकाऱ्यांची, पोर्ट ट्रस्टची की रेल्वेची? ज्याची जमीन त्याचं ना हरकत पत्र. या शहरात पैशापेक्षा जागा महाग आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा भिंती आणि छप्पर हवं असेल तर या वाटेला जा, माणसं हवी असतील तर दुसरी वाट धरा.

दुसरी वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर कायद्याने खर्चायच्या पैशाची. कंपनी कायदा 2013, कलम 135. नक्त मूल्य (नेटवर्थ) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं काहीही एक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चायचे. हे दोन टक्के सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच कलमात असंही लिहिलंय की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, आणि ते कुणी वाचत नाही. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आणि वस्ती शेजारच्या भारतनगरात असेल, तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. कंपनीने सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवर टाकायचे, हा नियमच आहे. मागच्या वर्षी त्यांनी कशाला दिले ते बघा. तीन वर्षं फक्त डोळ्यांच्या शिबिरांना देणाऱ्या कंपनीकडे अभ्यासिका घेऊन गेलात, तर चहा मिळेल, एवढंच.

आणि मंडपावर कंपनीचा बॅनर लावून घेतलेले पैसे म्हणजे सीएसआर नव्हे. ते प्रायोजकत्व. एकदाच होऊन संपणाऱ्या कार्यक्रमांचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, हे केंद्राने 2014 मध्येच स्पष्ट केलंय.

नवख्या संस्थांची अडचण वेगळी आहे. अमलबजावणी करणाऱ्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे केलेली नोंदणी. तो अनुभव नसेल तर जुन्या संस्थेच्या हाताखाली एखादा भाग करा. त्यात कमीपणा कसला? तुमच्या गल्लीतली कुठली मुलं नववीनंतर शाळा सोडतात, हे त्या मोठ्या संस्थेला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.

अंदाजपत्रकावर थोडं रेंगाळतो, कारण तिथे आपली मंडळी उगीच लाजतात. वह्या, बाकं, पंखे सगळं लिहितात आणि पगाराची ओळ गाळतात. का, तर "पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. अभ्यासिकेत संध्याकाळी सहा ते दहा बसणारी ताई हाच तर प्रकल्प आहे. तिचं मानधन, विजेचं बिल, भाडं, सगळं उघड लिहा. बिनपगारी अभ्यासिका मंजूर करून घ्याल आणि दिवाळीनंतर कुलूप लावाल, त्यापेक्षा नकार बरा.

फेब्रुवारीत कंपन्यांचे फोन येतात, मार्चच्या आत पैसे खर्च करायचे असतात म्हणून. तेव्हा धावपळ करून काही लिहू नका. दोन पानांचा तयार प्रस्ताव आधीच जवळ असू द्या, नसेल तर पुढच्या वर्षी या म्हणून सांगा.

मघाशी एका भाऊंनी विचारलं, त्यांचा मावसभाऊ दुबईत आहे, तो मंडळाला पैसे पाठवेल तर चालेल का? परदेशी देणगीचा कायदा कडक आहे. नोंदणी मागायला साधारणपणे संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर 15 लाख खर्चलेले हवेत, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. पण मावसभाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा, पावती द्या. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र नोंदणी होईपर्यंत एक रुपयाही घेऊ नका.