सरांची शिकवणी

(दृश्य: एम्स, आयोवा. विद्यापीठाचा परिसर.)

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातलं एम्स हे गाव. इथल्या आयोवा स्टेट विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात, १९३९ साली जॉन ॲटॅनासॉफ हे प्राध्यापक आणि क्लिफर्ड बेरी हा त्यांचा विद्यार्थी एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र जुळवत होते. ॲटॅनासॉफ-बेरी कॉम्प्युटर. गुरू-शिष्य दोघांची नावं यंत्रावर, हे तसं दुर्मीळच.

(दृश्य: नव्वदच्या दशकातले जुने मॉनिटर.)

१९९१ साली याच विद्यापीठात पेच मात्र उलटा होता. शिक्षणशास्त्र विभागातून उद्याचे शालेय शिक्षक बाहेर पडणार. वर्गात संगणक कसा वापरायचा, हे त्यांना दाखवणार कोण? त्यांच्या प्राध्यापकांचीच बैठक फळा-खडूची. आणि शिक्षक शिकवतो ते बहुधा तसंच, जसं तो स्वतः शिकलेला असतो.

विभागानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका कोर्सलाच प्राध्यापकांना संगणक शिकवण्याचं काम जोडून दिलं. एक विद्यार्थी, एक प्राध्यापक, अशी जोडी. सत्रभर नियमित भेटी. विद्यार्थ्याला त्याचे क्रेडिट्स. प्राध्यापकांवर सक्ती नाही. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं.

सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून कार्यशाळा घेणं स्वस्त पडलं असतं. पण ३० वर्षं शिकवलेला माणूस सहकाऱ्यांच्या देखत ‘माझी फाइल गेली कुठे?’ असं विचारायला धजावत नाही. समोर एकच विद्यार्थी असला, की विचारतो. शिवाय कार्यशाळेत सगळ्यांना एकच धडा. इथे सुरुवात प्राध्यापकांच्या गरजेपासून. कुणाला आधी ई-मेल जमवायचा असतो, तर कुणाला विज्ञानाच्या तासासाठी एखादं सॉफ्टवेअर हवं असतं.

कसोटी लागते ती विद्यार्थ्याची. सर चाचपडत असतात, उत्तर आपल्याला ठाऊक असतं, आणि हात माऊसकडे जातो. तो आवरायचा. दोन क्लिकमध्ये आपण काम उरकलं, तर पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा हजर! ‘बघा, किती सोपंय’ हे तर चुकूनही म्हणू नये; ज्याला येत नाही, त्याला ते लागतं.

आपल्याकडे २०२०च्या लॉकडाउनमध्ये ‘सर, तुम्ही म्यूटवर आहात’ असं ओरडत मुलांनी हेच काम केलं. फरक इतकाच, की ते घाईगर्दीत झालं. ना वेळ ठरलेली, ना क्रेडिट्स. स्क्रीन शेअर करता आली, तरी तासाची आखणी जुनीच राहिली. एम्समध्ये खरा भर होता तो त्या आखणीवर.

या पद्धतीची किंमत आहे, आणि ती पैशांपेक्षा वेळेची जास्त. सत्र संपलं की विद्यार्थी पुढे जातो. नवा येतो, ओळख नव्यानं. तरीही १९९९ पासून अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं भावी शिक्षकांच्या तंत्रज्ञान-प्रशिक्षणासाठी अनुदानं द्यायला सुरुवात केली, तेव्हा इतर विद्यापीठांनीही त्या पैशांतून अशा जोड्या लावल्या.