शनिवार रात्रीचं पातेलं

नमस्कार मंडळी! आज बोलूया हॉस्टेलच्या मेसमधे वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल, आणि ते वाचवायला धडपडणाऱ्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, पोरापोरींबद्दल. आकडा एकच सांगते, 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. बस्स, आता किस्सा.

पुण्यातल्या एका हॉस्टेलवर या पोरांनी आधी काय केलं, तर पोस्टर लावलं, 'अन्न हे पूर्णब्रह्म', आणि लावलं कुठे, तर हात धुवायच्या जागी, म्हणजे टाकून झाल्यावर वाचा! पोस्टर चिकटवलं की काम झालं असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं, सोसायटीची लिफ्ट बघा, आरसासुद्धा दिसत नाही. असो. मग एकीने रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला आणि खरकट्याची बादली रोज रात्री टांगून वजन करायला लागले. मेसवाले काका भडकले, त्यांना वाटलं तक्रार रेक्टरकडे जाणार. तेवढ्यात पोळ्या लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बादली काय मोजताय गं, शनिवारी रात्री पातेलं मोजा की!" मोजलं, तर ताटातलं सगळं एका बादलीत मावलं आणि इकडे निम्मं पातेलं भात तसाच, पोळ्यांचा डबा वेगळाच. कारण काय, तर निम्मी पोरं गावाला गेलेली आणि काकांना कुणी बोललंच नाही. बोलणार कशाला? खाडा धरायचा तर सलग तीन दिवस गैरहजर हवं, दोन दिवसांचे पैसे वजाच होत नाहीत!

परत सांगते, ताटात कमी, पातेल्यात जास्त. म्हणून पोरांनी काकांना एका दिवसाचा खाडा कबूल करायला लावला, अट एकच, दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर 'रात्री नाही' टाकायचं. तांदूळ धुवायच्या आधी काकांच्या हातात आकडा.

तरी उरलंच तर वाटता येतं, एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे नियम आहेत त्यासाठी, पण भात तासन्‌तास उघडा ठेवून मग दान करायला निघायचं नाही, गरम आहे तोवरच पोचवा. आधीच कमी शिजवलेलं केव्हाही सोपं.

आता पोल काका स्वतःच टाकतात. फक्त रविवारच्या फीस्टला नाही टाकत, कारण गुलाबजाम आहेत कळलं की गावाला गेलेलेसुद्धा दुपारच्या आत हजर.