पॅन्ग्लॉस गुरुजींचं नाक

नमस्कार, श्रोतेहो.

बस चुकली, नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, की कुणीतरी अंगाऱ्यासारखं एक वाक्य आपल्या हातावर ठेवतंच: 'होतं ते बऱ्यासाठीच होतं.' या वाक्याची मी वाचलेली सगळ्यात खोडकर फजिती फ्रेंच लेखक व्हॉल्तेरच्या 'कांदीद' या छोट्याशा कादंबरीत आहे. साल १७५९.

त्याआधी चार वर्षं, १ नोव्हेंबर १७५५ला, भूकंपानं पोर्तुगालची राजधानी लिस्बन कोसळली. संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली. मागोमाग समुद्र आत घुसला, आगी लागल्या. आणि लायब्निट्ससारखा थोर तत्त्वज्ञ तर १७१०मध्येच लिहून बसलेला, की होऊ शकणाऱ्या सगळ्या जगांत हेच सर्वोत्तम. व्हॉल्तेरला ते पचेना.

त्यानं पॅन्ग्लॉस नावाचे गुरुजी उभे केले. ते शिकवतात, नाकं चष्मा टेकायला घडवली आहेत, म्हणून तर आपण चष्मे लावतो! आपण 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणून गप्प तरी बसतो. पुढे गरमीच्या रोगानं, म्हणजे सिफिलिसनं, गुरुजींच्याच नाकाचा शेंडा झडतो. तरी म्हणतात, हा रोग अमेरिकेतून आला नसता, तर चॉकलेट कुठून मिळालं असतं? इथवर मी हसलो. मग लिस्बनच्या बंदरात त्यांचा अन्नदाता, याक नावाचा गृहस्थ, बुडतो. गुरुजींचा शिष्य, कथेचा नायक कांदीद उडी घ्यायला धावतो, तर गुरुजी त्याला अडवून सिद्ध करू लागतात, की याकनं बुडावं म्हणूनच हे बंदर घडलं आहे.

मग कांदीदचा प्रवासातला सोबती, निराशावादी मार्टिन तरी शहाणा? व्हेनिसच्या चौकात एक तरुणी आणि एक मठवासी हातात हात घालून चाललेले दिसतात. हे दोघं तरी सुखी, अशी कांदीद पैज लावतो. जेवायला बोलावल्यावर दोघांचीही रड बाहेर पडते. पैज मार्टिनची. पण हाच मार्टिन छातीठोक सांगतो, की कांदीदचा नोकर काकांबो लाखोंचा ऐवज घेऊन पळाला, आता येतोय कसला! काकांबो येतो. लुटला गेलेला, दुसऱ्याचा गुलाम झालेला, पण इमानी. दोघा पंडितांचा निकाल आधी तयार, साक्षीपुरावे नंतर.

शेवटी ही सगळी मंडळी इस्तंबूलजवळच्या एका मळ्यात येऊन टेकतात. गुरुजी कबूल करतात, आपण आयुष्यभर भयंकर सोसलं. पण सगळं उत्तम चाललंय असं एकदा बोलून गेले ना, म्हणून तेच बोलत राहतात. स्वतःचा काडीचाही विश्वास नसताना.