आधी पाणी बघा, मग चारा लावा

नमस्कार मंडळी. आज गरवण्याबद्दल, म्हणजे गळाने मासे पकडण्याबद्दल बोलूया. होडी नाही, जाळं नाही, किनाऱ्यावर उभं राहायचं, हातात रॉड नाहीतर नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळलेली बाटली, टोकाला गळ आणि शिसं, बास.

मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच की चारा कुठला लावू. आणि मी उलटं विचारतो, उभे कुठे राहणार ते सांगा आधी. कारण मासा जिथे जे रोज खातो तेच तिथे चालतं, तुम्ही ऑनलाइन हजार रुपयांचा चकचकीत लूर, म्हणजे बनावट मासा, मागवलात म्हणून त्याची सवय बदलत नाही. लूर वाईट असं नाही हं, कोकर वगैरे धावून येणारे मासे लूरला मस्त लागतात, पण नवीन माणसाने आधी चाऱ्यावर हात बसवावा असं माझं मत.

तर जागा. समजा खडकाळ किनारा आहे, ओहोटीला गेलात आणि कातळावर कालवं चिकटलेली दिसतायत, फटीत बारीक खेकडे पळतायत. मग पालू तिथे येणार, त्याचे दात कवचं फोडायलाच बनलेत, त्याला कालवाचं मांस, शिनाणं म्हणजे शिंपल्यातलं मांस, नाहीतर छोटा खेकडा द्या. कालवाचं मांस गळावर टिकत नाही, पहिल्या लाटेत सुटतं, म्हणून शिवणकामाचा बारीक इलास्टिक दोरा चार वेढे गुंडाळा. त्याच खडकाच्या बिळात गोबरा असतो, तो चारा घेतो आणि सरळ मागे बिळात शिरतो, आणि तुम्ही आरामात रीळ फिरवत बसलात तर तंगूस खडकावर घासून तुटणार, म्हणून तिथे तंगूस जाड ठेवायचा आणि लागला की पहिल्या झटक्यात वर उचलायचा.

वाळूचा किनारा असेल तर लोक काय करतात, जीव खाऊन लांब फेकतात. गरज नसते हो. दहा मिनिटं नुसतं लाटांकडे बघा. जिथे लाट फुटते तिथे उथळ, आणि मधेच एखाद्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी जरा गडद दिसतं, तिथे खोल घळ आहे, मासे त्या घळीतून किनाऱ्याजवळ येतात. मुडदुशी तर कधीकधी कमरेइतक्या पाण्यात चरत असते. तिला लहान गळ, सोललेल्या कोलंबीचा नखाएवढा तुकडा, नाहीतर ओल्या वाळूत, चिखलात सापडणारे किडे. अख्खी कोलंबी लावून मुडदुशीची वाट बघणं म्हणजे फुकट, तोंडच केवढंसं तिचं.

आता खाडीचं मुख, माझी आवडती जागा. रेवदंड्याला कुंडलिका, दाभोळला वाशिष्ठी, रत्नागिरीत भाट्याला काजळी, देवबागला कर्ली, सगळीकडे गणित तेच. भरतीला बोई मासे, कोलंबी, बारीकसारीक सगळं कांदळवनात आत शिरतं, आणि ओहोटी लागली की पाण्याबरोबर त्यांना बाहेर यावंच लागतं. कुठून, तर त्या छोट्या छोट्या वहाळांच्या तोंडातून. तिथे जिताडा आणि तांबोशी दबा धरून असतात. पुलाच्या खांबामागे पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, तिथेही. मोठा मासा प्रवाहात पोहत ताकद घालवत नाही, आडोशाला थांबतो आणि समोरून वाहत येईल ते गिळतो, त्यामुळे चारा प्रवाहात वर टाकून त्याच्यापर्यंत वाहत जाऊ द्यायचा.

जिताड्याला जिवंत चारा लागतो, याबाबतीत मी जरा हट्टी आहे. जिवंत कोलंबी किंवा बोटभर बोई. कोलंबीच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो, गळ तिथून गेला की ती मेली, म्हणून ठिपक्याच्या पुढे, शिंगाखालून अलगद घालायचा. बोईला वरच्या ओठातून किंवा पाठीच्या परातून, म्हणजे पंखातून. बादलीत बॅटरीवरचा एअर पंप असला तर उत्तमच, नाहीतर दर थोड्या वेळाने पाणी बदला आणि बादली सावलीत ठेवा.

धक्क्यावर प्रकार वेगळा. तिथे होड्या मासळी साफ करतात, तारली-बांगड्याची डोकी आतडी पाण्यात पडतात, मासे त्यालाच सोकावलेले. मग तारलीचा तेलकट तुकडा लावा, वासावर शिंगाळा हमखास येतो. रात्री दिव्याखाली बारीक मासे जमतात, त्यांच्यामागे वागटी. वागटीचे दात ब्लेड आहेत, गळाच्या पुढे वीतभर वायरचा तुकडा, म्हणजे लीडर, हवाच. आणि शिंगाळा गळावरून काढताना सांभाळून, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे, विषारी. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा पाऊण तास बुडवून ठेवा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टर.

वेळेचं सांगतो. कोकणातला जुना हिशोब बऱ्याच जणांना माहीत असेल, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपास हे बरंच जुळतं, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत आत जाल तशी उशिरा, त्यामुळे आपल्या जागेचा फरक आपणच वहीत लिहून ठेवायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात मोठा, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. उधाणात मुंबईला पाणी चार-पाच मीटर चढतं उतरतं, मालवण-गोव्याकडे साधारण दोनच मीटर, म्हणून मुंबईवाल्याचा सल्ला वेंगुर्ल्यात जसाच्या तसा चालत नाही. भरतीच्या सहा तासांतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत सरकतं, तेव्हा शिसं जड लागतं. उधाणात खाडी गढूळ होते, मग वासाचा चारा, तारली किंवा माकूल, म्हणजे स्क्विड. भांगात पाणी निवळ असतं, तेव्हा बारीक तंगूस आणि जिवंत कोलंबी.

एक गोष्ट मात्र जिताड्याची. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढण्यालायक मोठं धूड लागलं तर ती बहुतेक मादीच, आणि पावसाळा हा तिचा अंडी घालायचा मोसम. तांबोशीचं वेगळं, खाडीत सापडतात ती पोरं, मोठी झाली की समुद्रात जातात. तेव्हा वीतभर तांबोशी आणि पावसातली भलीमोठी जिताडी, दोन्ही सोडावीत असं मला वाटतं, कुणी ऐको न ऐको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकायच्या आधी स्थानिक मच्छीमारांना आणि वनखात्याला विचारा.

खडकावर जाणाऱ्यांनी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा मोबाइलवर बघून जा. आकाश स्वच्छ असतानाही लांबच्या वादळाची लाट येऊन आदळते. कातळ जिथपर्यंत ओला काळा दिसतो तिथपर्यंत लाट येतेच, उभं त्याच्या वर राहायचं, आणि शेवाळावर रबरी स्लीपर घालून जाऊ नका.

उरलेला चारा फेकू नका. तारलीचे तुकडे खड्या मिठात घोळवा, कागदात गुंडाळून डब्यात भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा, मांस घट्ट होतं, पुढच्या भांगापर्यंत गळावर छान टिकतं. फक्त डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा काय आहे ते, घरचे उघडतात.