जुन्या विमानातील चार्जिंगचा दोष: जनरेटर काढण्यापूर्वी

नमस्कार. सेस्ना 140 सारख्या, 1940 च्या दशकातील एखाद्या विमानाची बॅटरी वारंवार उतरू लागली की पहिला संशय जनरेटरवर येतो आणि तो काढून दुरुस्तीला पाठवला जातो. माझे मत असे आहे की पान्याआधी मल्टीमीटर हातात घ्यावा, कारण या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एखाद्या तारेच्या टोकाशी दडलेले असते. या विमानांत ठिणगी मॅग्नेटोकडून, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच वीज निर्माण करणाऱ्या यंत्राकडून मिळते, त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडले तरी इंजिन चालू राहते आणि दोष अंगावर काढला जातो. रेडिओ आणि दिवे मात्र बॅटरीबरोबरच जातात.

आधी ॲमीटर नीट वाचू या. मध्यभागी शून्य असलेला हा ॲमीटर बॅटरीत शिरणारा किंवा तिच्यातून निघणारा प्रवाह दाखवतो. जनरेटर एकूण किती देतो, हे तो सांगत नाही. इंजिन सुरू झाल्यावर काटा अधिककडे जाऊन हळूहळू शून्याजवळ स्थिरावला, तर बॅटरी भरत आल्याचे ते लक्षण आहे. मंद गतीला काटा उणेकडे झुकला तरी घाबरू नये, कारण इतक्या कमी फेऱ्यांवर जुन्या जनरेटरकडून फारसे काही मिळत नाही. 12 व्होल्टच्या यंत्रणेत भरलेली, विसावलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि उड्डाणाच्या गतीला हा आकडा 14 च्या आसपास जायला हवा. तो 12.5 वरच रेंगाळत असेल, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या पुढे जात असेल, तर रेग्युलेटर, म्हणजे जनरेटरचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारे उपकरण, आवर घालत नाही आणि बॅटरी उकळू लागते.

आता अर्थिंग, म्हणजे प्रवाह सांगाड्यातून बॅटरीकडे परतण्याची जोडणी, ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. इंजिन रबरी बुशांवर बसलेले असल्यामुळे त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. ही पट्टी पाहा: वरून अखंड दिसते, पण टोकाच्या कडीपाशी वाकवली की निम्म्या तारा तुटलेल्या आढळतात आणि कडीखाली हिरवट भुकटी साचलेली दिसते. अशा वेळी स्टार्टरचा प्रचंड प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून परतण्याची वाट शोधतो आणि ती केबल जळू शकते. बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे आवरण यांच्यामधला व्होल्टेज भार चालू असताना मोजावा. तो अर्ध्या व्होल्टपर्यंत गेला, तर दोष इथेच आहे. रेग्युलेटरच्या तळाचे अर्थिंगही असेच तपासावे, कारण ते कच्चे असेल तर त्याला खरा व्होल्टेज कळतच नाही.

इथवर सारे ठीक असेल, तरच जनरेटरचे झाकण उघडावे. झिजलेला कार्बन ब्रश आपल्या खाचेत अडकला, की स्प्रिंग असूनही तो कम्युटेटरवर, म्हणजे जनरेटरच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर टेकत नाही. काळवंडलेला कम्युटेटर बारीक काचकागदाने स्वच्छ करावा. एमरी कागद मुळीच वापरू नये, कारण त्याचे कण पट्ट्यांमध्ये रुतून बसतात.

पुढची चाचणी फील्डची, म्हणजे जनरेटरमध्ये चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याची, आणि तिथे मी विशेष सावध करतो. डेल्को-रेमीच्या नेहमीच्या ए-सर्किटमध्ये फील्डला रेग्युलेटरमधून अर्थ मिळतो, तर बी-सर्किटमध्ये फील्डला रेग्युलेटरमधून आर्मेचरचा (जनरेटरच्या वीज देणाऱ्या फिरत्या भागाचा) पुरवठा मिळतो. म्हणून ए-सर्किटच्या चाचणीत फील्ड क्षणभर अर्थ करतात; तेच बी-सर्किटमध्ये केले, तर रेग्युलेटरची संपर्कटोके जळतात. प्रकार नियमपुस्तिकेतून पडताळल्याशिवाय तार लावू नये. फील्डला अशी थेट जोड दिल्यावर चार्जिंग सुरू झाले, तर दोष रेग्युलेटरकडे. तरीही झाले नाही, तर जनरेटरकडे किंवा त्याच्या तारांत. मीटरच्या लांब तारा घट्ट बांधून कॉकपिटमध्ये न्याव्यात आणि वाचन तिथेच घ्यावे. फिरत्या प्रोपेलरजवळ कोणीही उभे राहू नये.

इंजिन बंद केल्यावरही ॲमीटर मोठा उणे आकडा दाखवत असेल, तर कटआउटची, म्हणजे जनरेटर थांबल्यावर त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचची, टोके चिकटली आहेत. मास्टर स्विच तत्काळ बंद करावा, कारण बॅटरी आता जनरेटरमध्ये रिकामी होत आहे.

जनरेटर दुरुस्त होऊन परत बसवला, तरी त्याच्या गाभ्यातील उरलेले चुंबकत्व योग्य दिशेचे असेलच असे नाही. म्हणून ए-सर्किटमध्ये इंजिन सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटरवरची ‘बॅटरी’ आणि ‘जनरेटर’ ही दोन टोके तारेने क्षणभरच जोडावीत. एक छोटी ठिणगी उडते, आणि तेवढे पुरते.