नळाची पाळी आणि घरातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात घरची कामं घड्याळापेक्षा नळाच्या पाळीवर जास्त चालतात. कुठे चौथ्या दिवशी पाणी येतं, कुठे आठव्या, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. आणि नळ आला की अनेक घरांत पहिलं काम काय होतं, तर हंड्या-घागरींतलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं जातं, 'शिळं झालं' म्हणून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या मुलखात ही सवय टिकून राहावी याचं नवल वाटतं. झाकून ठेवलेलं चांगलं पाणी आठ दिवसांत नासत नाही. ते बिघडतं ते आपल्या हातांनी, आत बुडवलेल्या तांब्यानं, उघड्या राहिलेल्या झाकणानं आणि नळाच्या पहिल्या धारेनं.

या पहिल्या धारेपासूनच सुरुवात करू. पाळी नसते तेव्हा जमिनीखालची पाइपलाइन रिकामी असते. ती जिथे फुटलेली किंवा सांध्यात सैल असते, तिथून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. पाणी सोडलं की ही सगळी घाण पहिल्या पाच-दहा मिनिटांत आपल्या नळातून बाहेर पडते. म्हणून पहिल्या दोन-तीन बादल्या बाजूला काढा. त्या संडासात किंवा अंगण झाडण्याआधी शिंपडायला वापरा. पाणी निवळ आलं, वास गेला, की मगच पिण्याचं भांडं नळाखाली लावा. नळालाच मोटार जोडून पाणी ओढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटार नुसतं पाणी ओढत नाही, फुटक्या जागेतून गटारही ओढते. आणि शेजाऱ्याचं पाणी तोडते ते वेगळंच.

आता किती साठवायचं? ग्रामीण नळयोजनांचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा असतो. पाच माणसांच्या घराला आठ दिवसांसाठी साधारण २,२०० लिटर लागतात. पण त्यातलं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं किती? माणशी पाच लिटर धरले तरी रोजचे २५, आठ दिवसांचे २००. म्हणजे एक टिपाड. जिवापाड जपायचं ते हे एवढंच पाणी. हौदातलं, टाकीतलं बाकीचं पाणी धुण्याभांड्याचं. सगळंच पिण्याचं म्हणून साठवायला गेलं की कशाचीच नीट निगा राहत नाही.

पिण्याचं टिपाड शक्यतो खाली तोटी असलेलं घ्या. रसायनाचं, कीटकनाशकाचं जुनं टिपाड कितीही धुतलं तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. रांजण किंवा माठ असेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, आणि ते माठाच्या झाकणावर न ठेवता भिंतीला खिळ्यावर टांगा. झाकणावर ठेवलेल्या ओगराळ्याला धूळ लागते, मुलांचे हात लागतात आणि तेच पुन्हा आत बुडतं. पाणी गढूळ असेल तर आधी चौपदरी सुती कापडातून गाळा, तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवून काढून घ्या, चार तास निवळू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या. क्लोरीन त्यानंतर. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं आणि जंतू राहतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. क्लोरीनची गोळी किंवा द्रव औषध, जे आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून मिळेल, ते वेष्टनावर लिहिलेल्या मापानंच टाका आणि निदान अर्धा तास थांबा. विहिरीसाठी चांगल्या, ताज्या ब्लीचिंग पावडरचं ढोबळ माप १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम आहे. पोतं उघडं राहून दमट झालेल्या पावडरीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. ती टाकली काय आणि न टाकली काय, सारखंच.

पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणारे बरेच असतात. तो थोडासा वास म्हणजे पाण्यात अजून पहारेकरी आहे. माठात कापड बांधून रात्रभर ठेवलं तर वास जातो. पण साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन दोन-चार दिवसांत संपतं, म्हणून उरलेल्या दिवसांचं पाणी पिण्याआधी पुन्हा औषध टाका किंवा उकळा. उकळायचं तर वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. त्याच भांड्यात, झाकण ठेवून निवू द्या. उकळलेलं पाणी गार करायला उघड्या परातीत ओतलं की केलेली मेहनत वाया.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या भागात पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं जुनं दुखणं आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतलं जातं. उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून यातलं काहीही जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. वरच्या दुधावरच्या बाळाला नायट्रेटचं पाणी फार वाईट, म्हणून उकिरड्याजवळच्या किंवा संडासाच्या खड्ड्याशेजारच्या बोअरचं पाणी बाळाच्या दुधात घालू नका. पाणी तपासायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. खारट बोअरला आरओ मशीन उपयोगी, धरणाच्या गोड पाण्याला बहुतेक वेळा नाही. मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासाला वापरा. झाडांना रोज घालू नका, क्षार मातीत साठतात. आणि विकतच्या जारचं पाणी गार लागतं; गार म्हणजे शुद्ध असं कोणी समजू नये.

आता डासांकडे वळू, कारण साठवण्याच्या गावाला डेंग्यू चिकटलेलाच असतो. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ पाणी साठवलेल्या भांड्यांत अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उबेत आठ-दहा दिवस लागतात. नळाची पाळीही आठ-दहा दिवसांची, म्हणजे नळाची आणि डासाची पाळी एकच! म्हणून सात दिवसांतून एकदा कोरडा दिवस पाळायचा. यात बहुतेकांचं चुकतं ते इथे: भांडं नुसतं उपडं करतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात आणि पाणी भरलं की फुटतात. टिपाडाच्या आत बोट फिरवलं तर पाण्याच्या रेषेवर बुळबुळीत पट्टा लागतो. अंड्यांचे काळे, बारीक दाणे याच पट्ट्यात बसलेले असतात. तो पट्टा काथ्यानं किंवा ब्रशनं खसाखसा घासा, भांडं धुऊन टाका आणि उन्हात पालथं वाळवा. आत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते पाणी गटारात ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. तिथे त्या मरतात.

मग पाणी वाया जाणार नाही का? पाळीच्या आदल्या दिवशी पातळी खाली आलेली असते. उरलेलं पाणी कापडातून गाळून बादल्यांत काढा, धुणं आटपून घ्या आणि टिपाड मोकळं करून घासा. भांडी दोन असतील तर आलटून पालटून करा. झाकणाला फट असेल तर जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं कापड तोंडावर ताणून सुतळीनं आवळा. कापड मध्ये झोळ पडून पाण्यात बुडता कामा नये. मोठा हौद दर आठवड्याला उपसणं होत नाही, त्यात गप्पी मासे सोडा. आणि कूलर! उन्हाळा संपला की तो टाकीतल्या पाण्यासकट माळ्यावर किंवा गच्चीवर जातो. टाकी घासून कोरडी करा, गवताच्या जाळ्या काढून टाका. पुढच्या वर्षी जुन्याच जाळ्यांवर पाणी सोडू नका.

वापरलेल्या पाण्याचं काय? डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी थेट तुळशीला, कढीपत्त्याला. भाजी शिजवलेलं खारट, तेलकट पाणी नको. कपड्यांच्या शेवटच्या खळबळण्याचं पाणी फरशीला, साबणाचं पहिलं पाणी संडासाला. भांडी घासायच्या आधी खरकटं हातानं काढून गुरांना किंवा खतात टाका, राख आणि चहाचा चोथाही मोरीत जाऊ देऊ नका. मोरीचं पाणी केळीला, अळूला, कर्दळीला चालतं. कोथिंबीर, मेथी, पालक अशा पालेभाज्यांना आणि कच्च्या खायच्या काकडी-मुळ्याला मात्र नको. कडक पावडर वापरत असाल तर त्यातल्या सोडियममुळे काळी माती आवळून येते, भेगाळते. तिथे झाडं बदला किंवा पावडर कमी करा.

जे पाणी झाडांनाही पेलत नाही, ते दारात साचू न देता जमिनीत मुरवायचं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास कसे घालवले, हे पुष्कळांनी ऐकलं असेल. खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. विहीर-बोअरपासून किमान ५० फूट लांब. तळाला मोठे दगड पसरा. मधोमध सिमेंटची उभी टाकी बसवा, तिच्या वरच्या भागात, काठाखाली वीतभर अंतरावर, चार बाजूंना चार भोकं हवीत. न्हाणीचा पाइप टाकीत, भोकांच्या वर सोडायचा. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत जातं. सारी करामत या टाकीत आहे. ती वाचवून नुसते दगड भरलेला खड्डा साबणाच्या चिकट थरानं आणि केसांनी दोन-एक वर्षांत तुंबतो, मग सारे दगड उपसा. टाकीभोवती खाली मोठे, वर लहान दगड भरा, वरून पोतं अंथरून माती टाका. टाकीचं तोंड जमिनीच्या चार बोटं वर ठेवा, नाहीतर पावसाचा लोंढा गाळासकट आत शिरेल. झाकण मात्र उचलता येईल असं हवं, कारण टाकीतला गाळ दर दोन-तीन महिन्यांनी काढायचा असतो. संडासाचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका.

काळ्या चिकण मातीत खड्डा बहुधा फसतो. खोदल्यावर आधी दहा बादल्या पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल, तर मुरूम लागेपर्यंत खोल जा. मुरूम फार खोल असेल तर खड्ड्याचा नाद सोडा आणि तेच पाणी चारीनं केळी-कर्दळीच्या वाफ्यात फिरवा. गावात शोषखड्ड्यांची कामं रोजगार हमीतून घेतली जातात, ग्रामपंचायतीत चौकशी करा.

जाता जाता छताच्या पाण्याचं एक गणित. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं घर साधारण २८ चौरस मीटरचं. ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी १३ हजार लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जातं. माळवदाच्या मातीच्या छताला हे जमत नाही. पत्रा किंवा स्लॅब असेल तर मृगाच्या आधी तो झाडून घ्या, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, आणि नंतरचं पाणी जाळी लावून टाकीत घ्या. बोअरमध्ये सोडायचं असेल तर आधी खडी-वाळूच्या गाळणीतून जाऊ द्या, गच्चीवरचं थेट कधीच नाही. टाकीतलं हे पाणी धुण्याला उत्तम, साबण कमी लागतो. प्यायचं असेल तर गाळणं आणि क्लोरीन इथेही आलंच.

नमस्कार.